फोटोंचा बॅकअप अडकलाय? आधी काहीही डिलीट करू नका

‘गुगल फोटोजचा बॅकअप बंद पडलाय’ असं सरळ सांगत दुकानात कुणी येत नाही. लोक सांगतात ते साधारण असं असतं:

- वर ‘४१२ आयटम्स लेफ्ट’ दिसतंय. काल पण तेच होतं, आज पण तेच.
- ‘गेटिंग रेडी टू बॅक अप’ म्हणत नुसतं गोल गोल फिरतंय.
- वाय-फाय लागलंय, यूट्यूब धडाधड चालतंय, तरी हा म्हणतो ‘वेटिंग फॉर वाय-फाय’.
- ॲप उघडं ठेवलं की फोटो जातात, फोन खिशात टाकला की थांबतात.
- ‘बॅकअप कम्प्लीट’ म्हणतो, पण बारशाचे फोटो नव्या फोनवर नाहीत.
- फोटो तर जात नाहीतच, बँकेच्या मेल पण यायच्या बंद झाल्यात.

आणि एक प्रकार असा, की लक्षणच नसतं. फोन पडतो, डिस्प्ले जातो, माणूस म्हणतो, ‘असू दे हो, फोटो गुगलला आहेत.’ दुसऱ्या फोनवर खातं उघडून बघावं तर शेवटचा फोटो गेल्या गणपतीतला. मधल्या काळात बॅकअप कधीतरी थांबला आणि कुणाला कळलंच नाही. मी चिपळूणला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि हे दुखणं इतक्या वेळा बघितलंय, की तपासायचा क्रम आता हाताला बसलाय. तोच इथे देतो. फुकटातलं आणि सोपं आधी, अवघड नंतर. मी सांगतो तेवढं सोडून क्रम मोडू नका, कारण खालचे काही उपाय घाईने केले तर फोटो जाऊ शकतात.

मुख्यतः अँड्रॉइड आणि गुगल फोटोज धरून लिहितोय. आयफोनबद्दल शेवटाकडे थोडं आहे. मेनूंची नावं फोनच्या कंपनीप्रमाणे थोडी इकडेतिकडे असतील.

हात लावायच्या आधी

बॅकअप अडकला की बहुतेकांचा पहिला विचार ‘जागा करू या’ हा असतो आणि ते गुगल फोटोजमध्ये जाऊन फोटो उडवायला लागतात. बॅकअप चालू असलेल्या फोनवर गुगल फोटोजमधून फोटो डिलीट केला, की तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही, म्हणजे गुगलच्या साठ्यातूनही. दोन्हीकडून. ‘फोनमधून काढला, वर तर असेलच’ हा समज सगळ्यात महागात पडतो. फक्त फोनमधली प्रत काढायची असेल तर त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे, आणि तो वर पोचलेल्या फोटोंनाच हात लावतो.

चुकून उडवलेच असतील तर लगेच ट्रॅश बघा. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात, न झालेले ३० दिवस. त्यानंतर परत मिळवायचा धड रस्ता नाही.

खातं कुठलं आहे ते बघा

याला पैसे लागत नाहीत, अर्धं मिनिट लागतं, आणि तरी हे कुणी बघत नाही. गुगल फोटोज उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारा. तिथे जो ईमेल दिसतो, बॅकअप त्याच खात्यात जातो. एका वेळी एकाच.

घोळ कसा होतो ते सांगतो. फोन घेताना दुकानदार घाईत नवीन जीमेल उघडून देतो. मग मुलगा मुंबईहून येतो, प्ले स्टोअरसाठी स्वतःचं खातं टाकून जातो. जुन्या फोनचं तिसरंच असतं. आईचे फोटो दोन वर्षं मुलाच्या खात्यात चढतायत आणि आई स्वतःच्या खात्यात शोधतेय, असं सर्रास होतं. फोटो हरवलेले नसतात, पत्ता चुकलेला असतो. फोनमध्ये जेवढी खाती असतील तेवढी एकेक करून बघा.

त्याच पडद्यावर बॅकअप चालू आहे की बंद, हेही लिहिलेलं असतं. मोठ्या अपडेटनंतर किंवा खातं काढून पुन्हा टाकल्यावर तो बंद राहिलेला आढळतो. ऑफिसचं किंवा कॉलेजचं खातं असेल तर तिथल्या ॲडमिनने फोटोजची सेवाच बंद ठेवलेली असू शकते. मग तुम्ही फोनमध्ये काहीही करा, उपयोग नाही. घरचे फोटो घरच्या खात्यात ठेवावेत हे बरं.

खरी परीक्षा मात्र फोनवर होत नाही. दुसरा फोन किंवा कॉम्प्युटर घ्या, ब्राउझरमध्ये फोटोज डॉट गुगल डॉट कॉम उघडा आणि त्या खात्याने आत जा. तिथे जे दिसतं तेवढंच वर पोचलेलं आहे. फोनच्या ॲपमध्ये फोनमधले आणि क्लाउडमधले फोटो एकत्र दिसतात, त्यामुळे नुसतं ॲप बघून काही कळत नाही.

१५ जीबी भरले का?

माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं, म्हणून यावर जरा थांबतो.

१ जून २०२१ च्या आधी ‘हाय क्वालिटी’ने (आताचं ‘स्टोरेज सेव्हर’) चढवलेले फोटो मोजलेच जात नव्हते. कितीही टाका. त्या तारखेपासून नवीन फोटो १५ जीबीच्या हिशोबात धरायला लागले. आणि हे १५ जीबी एकट्या फोटोंचे नाहीत. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघांत मिळून आहेत. जुन्या काळची ‘फुकट आणि अमर्याद’ ही समजूत मात्र लोकांच्या डोक्यात तशीच राहिली.

दुसरा धक्का व्हॉट्सॲपचा. आधी अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप गुगलच्या जागेत मोजला जात नव्हता. २०२४ मध्ये तो सगळ्यांसाठी हळूहळू त्याच १५ जीबीत धरायला सुरुवात झाली. ‘मी काहीच केलं नाही आणि अचानक भरलं कसं?’ याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. गावच्या आणि भावकीच्या ग्रुपवरचे सगळे व्हिडिओ त्या बॅकअपमध्ये जात असतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप उघडा आणि ‘इन्क्लूड व्हिडिओज’ बंद करा. नको ते ग्रुप मीडियासकट साफ करा आणि पुन्हा एकदा बॅकअप घ्या. कितीतरी फोन एवढ्यावर सुटतात.

जागा भरली की फोटो थांबतात आणि जीमेलही थांबतं. नवीन मेल पाठवणाऱ्याकडे परत जाते. म्हणून यादीतलं शेवटचं लक्षण दिसलं, तर वाय-फायच्या मागे लागायचं कारणच नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यातला प्रकार होतो तो. बँकेच्या मेल, नोकरीच्या मेल अडकलेल्या असतात, त्यामुळे हे काम उद्यावर टाकू नका.

अंदाज यावा म्हणून हिशोब देतो. साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४ एमबीचा धरला तर पूर्ण १५ जीबीत पावणेचार हजारांच्या आसपास बसतात. पण फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला सव्वाशे-दीडशे एमबी सहज खातो, आणि फोर-के असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. एका हळदीची तासाभराची शूटिंग म्हणजे अर्धं कपाट गेलं. म्हणून फोटो निवडत बसू नका, आधी व्हिडिओ बघा. गुगल फोटोजच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ आहे. तिथे मोठे व्हिडिओ, स्क्रीनशॉट, अस्पष्ट फोटो वेगळे काढून दाखवतात. मोठा व्हिडिओ आधी कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, उघडून चालतोय ते बघा, मगच इथून काढा. जीमेल आणि ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये पडलेला माल पण जागा खातो, तोही रिकामा करा. आकडा लगेच उतरला नाही तर घाबरू नका, थोडा वेळ घेतो.

बॅकअपचा दर्जा ‘ओरिजिनल’वर असेल तर ‘स्टोरेज सेव्हर’ करा. त्यात १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो १६ वर आणि मोठे व्हिडिओ १०८०पी वर आणले जातात. घरगुती फोटोंना फरक जाणवत नाही. मात्र सेटिंग बदललं म्हणून आधी चढलेले लहान होत नाहीत. त्यासाठी कॉम्प्युटरवरून फोटोजच्या सेटिंग्जमध्ये ‘रिकव्हर स्टोरेज’ आहे. ते केलं की क्लाउडवरच्या त्या फोटोंचा मूळ दर्जा परत येत नाही, हे लक्षात ठेवून करा. फोटोग्राफीवर पोट असेल तर करू नका.

एवढं करून पण पुरत नसेल तर जास्तीची जागा विकत घ्यायची. त्याला माझा विरोध नाही. घेतलेली जागा घरातल्या आणखी पाच जणांत वाटता येते, त्यामुळे प्रत्येकाने वेगळा प्लॅन घेऊ नका. फक्त एक बघा: पैसे भरायचं बंद केलं आणि तुमचा माल १५ जीबीच्या वर असेल, तर बॅकअप आणि मेल पुन्हा थांबणार. आणि दोन वर्षं तसंच मर्यादेच्या वर राहिलं तर गुगल सगळा साठा काढून टाकू शकतं.

नेट आहे, पण कसलं?

जागा शिल्लक आहे, खातं बरोबर आहे, तर आता नेट. यूट्यूब चालतंय म्हणजे नेट ठीक, असं होत नाही. यूट्यूब खाली उतरवतं, बॅकअप वर चढवतो. बऱ्याच जोडण्यांत चढवायचा वेग उतरवायच्या वेगाच्या मानाने अगदीच कमी असतो. स्पीड टेस्ट करताना ‘अपलोड’चा आकडा बघा.

घरी वाय-फाय नसेल आणि सगळं मोबाइलच्या पॅकवर असेल तर गुगल फोटोज डीफॉल्टने थांबूनच राहतं. सेटिंग्जमध्ये बॅकअपच्या खाली मोबाइल डेटा वापरायची परवानगी आणि रोजची मर्यादा असते, ती तपासा. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकची मर्यादा संपली की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने ४ एमबीचा एक फोटो चढायला आठ मिनिटांच्या वर लागतात. व्हिडिओचं नाव काढू नका. त्यामुळे दिवसभर रील बघून रात्री बॅकअप होईल ही आशा सोडा. उलट करा. रात्री बारानंतर नवा कोटा मिळतो तेव्हा किंवा सकाळी उठल्या उठल्या बॅकअप चालवा.

‘वाय-फाय लागलंय तरी वाय-फायची वाट बघतोय’ याचं कारण जवळजवळ नेहमी हॉटस्पॉट असतं. दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडलं की अँड्रॉइड त्याला ‘मीटर्ड’ धरतं, म्हणजे मोजून वापरायचं नेट, आणि मोठं काम पुढे ढकलतं. वाय-फायच्या सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या नावावर जा, तिथे नेटवर्क वापराखाली ‘अनमीटर्ड’ करता येतं. मात्र ज्याचा हॉटस्पॉट आहे त्याला विचारून करा. त्याचा दिवसाचा डेटा अर्ध्या तासात संपवाल.

घरचं ब्रॉडबँड असेल तर एक प्रश्न मी हमखास विचारतो: रात्री राउटर बंद करता का? आपल्याकडे टीव्ही, गॅस आणि राउटर बंद करून झोपायची पद्धत आहे. फोन मात्र चार्जिंगला लागलेला, वाय-फाय असलेला, कुणी वापरत नसलेला असा निवांत वेळ शोधत असतो, आणि तो रात्रीच मिळतो. दिवसा फोन तुमच्या हातात, रात्री राउटर बंद. मग बॅकअप होणार कधी? पावसाळ्यात आमच्याकडे लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा तर आणखीच. आठवड्यातून दोन रात्री राउटर चालू ठेवा, तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

फोनच्या सेटिंग्जमधला ‘डेटा सेव्हर’ बंद आहे ना, व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं ॲप) चालू नाही ना, जाहिराती अडवायला ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये काही घातलेलं नाही ना, हेही बघून घ्या. तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवा. घड्याळ चुकीचं असेल तर सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही आणि फोन कारण काहीच सांगत नाही.

फोन स्वतःच ॲपला झोपवतो

ॲप उघडं असताना फोटो जातात आणि बंद केलं की थांबतात, हे लक्षण असेल तर वरचं सगळं सोडून थेट इथे या. बॅटरी जास्त टिकते हे दाखवण्यासाठी फोनच्या कंपन्या मागे चालणाऱ्या ॲपचा गळा दाबतात. गुगल फोटोज त्यात सापडतं.

रेडमी, पोको, शाओमी: ॲप इन्फोमध्ये (फोटोजच्या चिन्हावर बोट दाबून धरलं की मिळतं) ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा आणि ‘बॅटरी सेव्हर’मध्ये ‘नो रिस्ट्रिक्शन्स’. दोन्ही लागतं, एकाने भागत नाही. रियलमी, ओप्पो: ‘ऑटो लाँच’ आणि मागे चालण्याची परवानगी. विवो: बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये मागे जास्त वीज वापरायची परवानगी असते, ती फोटोजला द्या. सॅमसंग: बॅटरीत ‘स्लीपिंग ॲप्स’ आणि ‘डीप स्लीपिंग ॲप्स’ अशा याद्या असतात, फोटोज त्यात असेल तर काढा आणि कधीच न झोपणाऱ्यांच्या यादीत टाका.

फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की ही सेटिंग्ज पुन्हा जुन्यावर गेलेली दिसतात. तेव्हा ‘मागे करून दिलं होतं की’ म्हणू नका, पुन्हा बघा.

आणि ती क्लीनर, बूस्टर नावाची ॲप्स काढून टाका. फोन ‘हलका’ करायच्या नावाखाली ती दर थोड्या वेळाने सगळं बंद करत सुटतात आणि वर जाहिराती दाखवतात. सारखी सगळी ॲप्स वर सरकवून साफ करायची सवय असेल तर तीही सोडा. त्याने बॅटरी वाचत नाही.

मोठा साठा अडकला असेल तर मी करतो ते असं: फोन चार्जरला, वाय-फाय चालू, पॉवर सेव्हिंग बंद, स्क्रीन बंद व्हायचा वेळ वाढवलेला, गुगल फोटोज समोर उघडं, आणि फोन पालथा नाही तर सुलटा, कव्हर काढून. तापला की वेग पडतो.

‘कम्प्लीट’ म्हणतो, पण फोटो नाहीत

फोनच्या भाषेत बॅकअप म्हणजे कॅमेऱ्याचा फोल्डर. व्हॉट्सॲपवर आलेले, डाउनलोड केलेले, स्क्रीनशॉट, ब्लूटूथने घेतलेले, हे सगळे वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि ते तुम्ही सांगितल्याशिवाय वर जात नाहीत. बारशाचे फोटो मावशीने व्हॉट्सॲपवर पाठवले असतील तर ते कॅमेऱ्यात नाहीतच. बॅकअपच्या सेटिंग्जमध्ये ‘बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स’ आहे. तिथे हवे ते चालू करा.

पण ‘व्हॉट्सॲप इमेजेस’ सरसकट चालू करायला मी सांगत नाही. रोजचे सुप्रभात, हार घातलेले बॅनर, पेन्शनच्या अफवा, सगळं त्याच १५ जीबीत जाऊन बसतं आणि तुम्ही पुन्हा ‘१५ जीबी भरले का?’वर येता. त्यापेक्षा ‘घरचे’ नावाचा एक फोल्डर करा, हवे ते फोटो त्यात हलवा आणि फक्त तोच चालू ठेवा. कंटाळवाणं आहे, पण टिकतं.

अँड्रॉइड १४ पासून परवानगी देताना ‘निवडक फोटो’ असाही पर्याय येतो. घाईत तो दाबला गेला तर ॲपला तेवढेच फोटो दिसतात. ॲप इन्फोमध्ये परवानग्यांत जाऊन सगळ्या फोटो-व्हिडिओंना मोकळीक द्या.

कधी कधी फोटो वर असतो, पण भलत्याच तारखेला. स्कॅन केलेले किंवा कुणी पाठवलेले फोटो मूळ दिवसाखाली न दिसता फाइलच्या तारखेखाली दिसतात. शोधात जाऊन नुकतेच चढलेले फोटो बघा, तिथे सापडतात.

एका फाइलने रांग अडवलीय

‘४१२ आयटम्स लेफ्ट’ हलतच नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर रांगेत कुठेतरी एक मोठा किंवा खराब व्हिडिओ बसलेला असतो. एसटीच्या दारात ट्रंक अडकली की मागचे सगळे खोळंबतात, तसं. बॅकअपच्या पडद्यावर सध्या चढत असलेल्या फाइलचं छोटं चित्र दिसतं, ते नीट बघा. तासाभराने पण तेच असेल तर हाच गुन्हेगार. फोनच्या गॅलरीत किंवा फाइल मॅनेजरमध्ये तो चालवून बघा. चालत असेल तर कॉम्प्युटरवर उतरवून फोनमधून तात्पुरता बाजूला काढा. चालतच नसेल, आकार शून्य दिसत असेल, तर फाइल मेलेली आहे, तिच्यात वेळ घालवू नका. एका फोटोला २०० एमबीची आणि २०० मेगापिक्सेलची मर्यादा आहे, व्हिडिओला २० जीबीची. त्यावरचं काहीच जात नाही.

फोनची स्वतःची जागा काठोकाठ भरली असेल तरी हे होतं. चढवायची तयारी करायला ॲपला थोडी मोकळी जागा लागते. दोन-तीन जीबी तरी रिकामे ठेवा. अशा वेळी व्हॉट्सॲपमधला नको तो माल आणि डाउनलोड केलेले सिनेमे आधी काढा, फोटो नाही.

फोटो मेमरी कार्डवर असतील आणि अशा मेलेल्या फाइली एकापेक्षा जास्त सापडायला लागल्या, तर ते कार्ड मरायला टेकलंय. बॅकअप राहू दे, आधी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावा आणि जेवढं उतरतं तेवढं उतरवा.

ॲप साफ करणं

इथवर येऊनही सुटलं नाही तर आता ॲपकडे वळायचं. त्याआधी केबलने फोन कॉम्प्युटरला जोडा, ‘डीसीआयएम’ नावाचा कॅमेऱ्याच्या फोटोंचा फोल्डर अख्खा उतरवून घ्या. कॉम्प्युटर नसेल तर ओटीजीचा, म्हणजे थेट फोनला लागणारा, पेनड्राइव्ह चालतो. ही पायरी ओलांडायची नाही.

मग फोन एकदा बंद करून चालू करा, प्ले स्टोअरमधून गुगल फोटोज अपडेट करा, ॲप इन्फोमध्ये ‘क्लिअर कॅशे’ करा, म्हणजे ॲपचा तात्पुरता साठा पुसा. त्यात धोका काही नाही. तरी अडलं तर ‘क्लिअर स्टोरेज’. यात फोनमधले नेहमीचे फोटो किंवा क्लाउडवरचे फोटो जात नाहीत, पण एक मोठा अपवाद आहे: गुगल फोटोजचा ‘लॉक्ड फोल्डर’. त्यात ठेवलेले आणि बॅकअप न झालेले फोटो ॲपचा डेटा साफ केला किंवा ॲप काढलं की कायमचे जातात. लोक आधार कार्ड, जमिनीची कागदपत्रं, दागिन्यांचे फोटो नेमके तिथेच ठेवतात. आधी ते बाहेर हलवा.

साफ केल्यावर ॲप उघडलं की हजारो आयटम बाकी दिसतील. घाबरू नका. तो सगळी यादी पुन्हा ताडून बघतो. जसाच्या तसा आधी पोचलेला फोटो दुसऱ्यांदा चढवत नाही. चार्जिंगला लावून रात्रभर सोडा.

झालं की एक फोटो काढा, कशाचाही, आणि दहा-पंधरा मिनिटांनी दुसऱ्या फोनच्या ब्राउझरवर दिसतो का बघा. पडदा बंद ठेवून. तो दिसला तर सुटलं.

आयफोनवाल्यांसाठी

आयक्लाउडची फुकट जागा ५ जीबीच आहे, त्यामुळे निम्मी प्रकरणं तिथेच संपतात. बाकीच्यांनी ‘लो पॉवर मोड’ बंद करून बघा, तो चालू असताना फोटो थांबतात. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर एका यंत्रावर उडवलेला फोटो सगळीकडून उडतो. ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस असतो. आयफोनवर गुगल फोटोज वापरत असाल तर परवानगीत सगळे फोटो दिलेत का बघा, आणि मोठा साठा चढवताना ॲप समोर उघडं ठेवा. मागे राहून ते फारसं काम करत नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

फोटो उतरवताना फोन अडकतोय, आपोआप बंद-चालू होतोय, गॅलरी उघडली की मरतोय: आतली साठवण बिघडत असू शकते. जितका वापराल तितकं वाईट. बंद करा आणि दुरुस्तीला न्या.

मेमरी कार्ड ‘फॉरमॅट करा’ म्हणतंय: करू नका, दुसऱ्या फोनमध्ये घालून प्रयोग पण करू नका. डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे तसंच न्या.

फोन पाण्यात गेलाय: चार्जर लावू नका, तांदळात पुरू नका. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिखल भरलेले फोन काउंटरवर आले, त्यातले घरी चार्जिंगला लावून बघितलेले फोन उघडल्यावर आत जळालेलेच निघायचे. फोन बंद ठेवून जितक्या लवकर आणाल तितकी आशा. बॅटरी फुगून मागचं कव्हर उचललं असेल तरी तेच, दाबून बसवू नका.

डिस्प्ले गेलाय पण फोन वाजतो, थरथरतो: फोटो आत सुखरूप असण्याची शक्यता दांडगी आहे. डिस्प्ले बसवा, आधी फोटो काढा, मग बाकीचं. इथे कुणी ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणाला तर फोन परत घ्या. आताच्या फोनमधला सगळा डेटा कुलूपबंद स्वरूपात लिहिलेला असतो आणि रीसेट केलं की त्याची किल्लीच नष्ट होते. मग पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबमध्ये नेलं तरी काही निघत नाही. दुरुस्तीला देताना ‘डेटा ठेवायचा आहे’ हे पावतीवर लिहून घ्या, आणि आमच्यासारख्या दुकानदाराने लिहून द्यायला कुरकुर केली तर दुसरं दुकान बघा.

खातंच उघडत नाही, पासवर्ड गेलाय: यात दुकानदार काही करू शकत नाही, मी पण नाही. गुगलचं अकाउंट रिकव्हरीचं पान हाच रस्ता, आणि ते नेहमी वापरता त्याच फोनवरून, नेहमीच्या ठिकाणाहून करा, जमायची शक्यता वाढते. ‘गुगल कस्टमर केअर नंबर’ असं शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. समोरचा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतो आणि फोटोंऐवजी बँक रिकामी होते. तसं झालंच तर वेळ न घालवता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा आणि बँकेला कळवा.